भरती नावाची माझी बहीण

सुपारी वाळायला लागली की तिच्या सालीला एक आंबूस वास सुटतो. दिवसभर उन्हात तापायचं आणि पहाटेच्या दवात पुन्हा भिजायचं, असे पंधरा दिवस गेले की तो वास अंगणातून घरात येतो, पांघरुणांत शिरतो, केसांत बसतो. श्रीवर्धनपासून हरिहरेश्वरापर्यंत मार्गशीर्षात कुठल्याही वाडीत जा, हा वास आधी भेटतो आणि माणसं मागून. लोकांना त्यात सुगी दिसते. मला घुगऱ्या आठवतात, बारशाच्या.

यंदाही सुपारी चांगली आली आहे. माहेरच्या खळ्यात नारिंगी पसारा पडला आहे. आत्या कोपऱ्यात पाट घेऊन सोलायला बसली आहे. तिची बोटं सालीच्या रसाने काळपट झाली आहेत. मी तिच्या शेजारी बसले आहे. काल मी माणगावहून परत आले. म्हसळ्यापर्यंत मोटार आणि पुढे बैलगाडी. धाकट्या बहिणीला पहिली मुलगी झाली, तिच्या बारशाला गेले होते. मुलीचं नाव काय ठेवलं, हे मी गाडीतून उतरायच्या आतच आत्याने विचारलं. मी काय सांगितलं ते पुढे येईलच. पण त्याआधी त्या बहिणीच्याच नावाची हकीकत सांगायला हवी, कारण ती माझ्याखेरीज आता कुणी सांगणार नाही.

ती जन्मली तीही अशीच सुपारीच्या दिवसांत. मी तेव्हा आठ वर्षांची होते. आम्ही तिघी बहिणी होतोच: गंगा, यमुना आणि मी गोदा. चौथीही मुलगीच झाली असं सुइणीने बाहेर येऊन सांगितलं, तेव्हा वडील खळ्यात सुपारी परतत होते. हातातलं फावडं त्यांनी थांबवलं नाही. "बरं," एवढंच म्हणाले. आईने आत भिंतीकडे तोंड फिरवलं. मी आत गेले तेव्हा बाळ एकटंच सुपात निजलं होतं आणि त्याच्याकडे टक लावून पाहणारं एकच माणूस खोलीच्या दारात उभं होतं. ती आत्या.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. अकराव्या वर्षी विधवा होऊन आली ती कायमची आमच्या घरी. डोक्यावरून लाल आलवण, हातात काही नाही, गळ्यात काही नाही. घरातलं पडेल ते काम ती करायची, आणि शुभकार्य असलं की आपणहून मागच्या पडवीत जाऊन बसायची. मागच्या दारातून समुद्र दिसतो. हरिहरेश्वराच्या देवळाची प्रदक्षिणा खडकांवरून, पाण्याच्या अगदी काठाने आहे. भरती असली की ती वाट बुडते. म्हणून आमच्याकडे उतरलेले यात्रेकरू प्रदक्षिणेला निघण्यापूर्वी आत्यालाच विचारायचे, "बाई, वाट उघडी आहे का?" ती दारातून एकदा पाहून सांगायची.

चौथ्या मुलीचं नाव काय ठेवायचं याबद्दल तसा प्रश्नच नव्हता. तीन नद्या झाल्या होत्या, चौथी दाराशी वाहत होती. बाणकोटच्या खाडीत समुद्राला मिळते ती सावित्री. आईच्या मनात तेच होतं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "चारी नावं कशी एका माळेत बसतील! आणि सावित्रीसारखी पतिव्रता नाही हो दुसरी."

आत्या तेव्हा चुलीपाशी होती. ती वळली नाही. "सावित्री नको," म्हणाली.

"का हो अक्का?"

"तिच्या कथेत नवरा परत येतो."

असं काही बोलायची आत्याला सवय नव्हती आणि ऐकायची आम्हाला नव्हती. त्याच संध्याकाळी ती खळ्यात वडिलांपाशी गेली. मी तिच्या मागोमाग होते. ती म्हणाली, "तिघींची नावं तुम्ही ठेवलीत. बारशाला बोर्लीहून चुलत बहीण बोलावलीत, तिने कानात सांगितलीन. सख्खी आत्या मी, मला कुणी विचारलं नाही. विचारायचं नसतं, ते मलाही कळतं. पण या पोरीचं एवढं नाव मला ठेवू दे."

"काय ठेवतेस?"

"भरती."

वडिलांना आधी कळलंच नाही. मग ते हसले. "समुद्राची? हे नाव का झालं?"

"माझ्या दाराशी न बोलावता दिवसातून दोन वेळा येते ती तेवढीच," आत्या म्हणाली.

वडील जरा वेळ सुपारी परतत राहिले. मग म्हणाले, "ठेव काय हवं ते. मुलीचंच तर आहे."

मला तेव्हा वाटलं, वडील किती चांगले! आत्याचं ऐकलं! आता त्या वाक्याकडे बघते तेव्हा त्यातली माया कुठे होती ते शोधावं लागतं. दोन वर्षांनी भाऊ झाला. त्याच्या वेळी पंचांग आलं, भटजी आले, आजोबांचं नाव मोकळं होतं ते त्याला मिळालं. तिथे आत्याने तोंड उघडलं असतं तर चाललं नसतं. मुलीच्या नावाला एवढी मोकळीक होती, कारण त्या नावाने कुणाचं काही अडणार नव्हतं.

बारशाच्या दिवशी आत्या मागच्या पडवीत बसली. बोर्लीच्या चुलत आत्याने बाळाच्या कानाशी तोंड नेऊन "कुर्रर्र" केलं, आणि नाव सांगताना तिची जीभ अडखळली. बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे, ते अर्ध्यावरच थांबले. "काय म्हणालीस गो? काय?" पुन्हा सांगावं लागलं. मग एकदम कुजबूज सुरू झाली.

आपल्या भाषेत एक नाव ठेवतात आणि अनेक नावं ठेवतात. आमच्या घरी दोन्ही एकाच दुपारी झालं. शेजारच्या काकू घुगऱ्यांचा द्रोण हातात घेऊन म्हणाल्या, "भरती म्हणजे गोणीत घालतात तीच ना गो? तीन होत्याच, ही भरतीला!" बायका खळखळून हसल्या. आतल्या खोलीत आईने ते ऐकलं. भटजीबोवा म्हणाले, देवाचं नाव ठेवलं की हाक मारता मारता पुण्य लागतं. इथे काय लागणार, खारं पाणी? मासळी घेऊन वाड्यांवर फिरणारी एक कोळीण कुंपणाबाहेर टोपली उतरवून बसली होती. तिला वाटलं आपणही काही बोलावं. "नाव बरा हाय," ती म्हणाली, "पन भरती येते तशी जाते बाय. पोर घरात टिकायची न्हाय." यावरही बायका हसल्या. पोरी कुठे कुणाच्या घरात टिकतात, म्हणाल्या.

आईने ते नाव कधीच घेतलं नाही. मरेपर्यंत तिला "बाळे" अशीच हाक मारली. गंगा, यमुना, गोदा आणि बाळे. आईची माळ तुटली ती तुटलीच. आत्याने आपला हक्क एकदा बजावला, पण तो आईच्या पोटच्या पोरीवर बजावला, हे मला फार उशिरा समजलं. दोघींपैकी कुणाची बाजू घ्यावी हे अजूनही समजलेलं नाही.

भरती स्वतः मात्र त्या नावात अशी काही वाढली की जणू ते तिच्यासाठीच शिवलेलं परकर-पोलकं. कुणी हसलं की कमरेवर हात ठेवून सांगायची, "माझं नाव आत्याने ठेवलंय. तुमचं कुणी ठेवलंन?" मराठी शाळेत घातली तेव्हा मास्तरांना वाटलं, लिहिणाऱ्याची चूक झाली आहे. त्यांनी पाटीवर काना दिला, भारती. ती घरी येईपर्यंत थुंकी लावून तो काना पुसायची. दुसऱ्या दिवशी मास्तर पुन्हा द्यायचे. शेवटी मास्तरांनी वडिलांना देवळात गाठलं. "अहो, भारती केलं तर काय बिघडलं? चांगलं सरस्वतीचं नाव होतं ते. भरती हे काय मुलीचं नाव?" वडील म्हणाले, "तुम्हीच सांगा तिला." मास्तरांनी सांगितलं. तेव्हा ती सात वर्षांची असेल. ती म्हणाली, "काना दिलात तर मी ओ देणार नाही." आणि खरंच, हजेरीला ती ओ द्यायची नाही. मास्तरांनी हात टेकले.

मी तोवर लग्न होऊन श्रीवर्धनला गेले होते. माझंही नाव बदललं, गोदाची जानकी झाले. खरं सांगायचं तर मला फारसं काही वाटलं नाही. गोदा हे नाव मला दोघींच्या मागून, रांगेत उभं राहिल्यावर मिळालं होतं. ते गेलं तेही रांगेतूनच गेलं. पण दरवर्षी सुपारीला मी माहेरी यायची, आणि ती उंच पोर खळ्यातून धावत सामोरी यायची, तेव्हा मनात यायचं, हिचं काय होईल?

लग्न लवकर करायचं नाही असा नवा कायदा आला होता, म्हणून वडील ती चौदा वर्षांची होईपर्यंत थांबले, नाहीतर तेवढेही थांबले नसते. स्थळ माणगावचं आलं. मधला मुलगा, बिजवर, पहिली बायको बाळंतपणात गेलेली, मूलही गेलेलं. "घर भरलेलं आहे," सांगणारा म्हणाला. "पोरीला काही कमी पडायचं नाही." आई तेव्हा अंथरुणावर होती, तिला आपल्या डोळ्यांदेखत हे उरकायचं होतं. मार्गशीर्षातलाच मुहूर्त धरला. खळ्यातली सुपारी ओढून एका कडेला ढीग केला आणि मधल्या जागेत मांडव घातला. सारवलेल्या जमिनीवर इथे तिथे नारिंगी डाग राहिले होते. अक्षता पडल्या. आत्या मागच्या पडवीत बसली होती. निघताना भरती रडत रडत मागच्या दाराने तिच्याकडे गेली, तेव्हा बायकांनी तिला वाटेतच अडवलं. नव्या नवरीने त्या वेळी विधवेच्या पाया पडायचं नसतं.

पाठराखीण म्हणून मी तिच्याबरोबर माणगावला गेले. घर खरोखरच भरलेलं होतं. सासू, दोन दीर, दोन जावा, कोठारात भात. लक्ष्मीपूजन झालं आणि नवं नाव लिहिण्यासाठी तांदळाचं ताट आलं. पितळेचं मोठं, लखलखीत ताट. नवऱ्याने अंगठी हातात घेतली. मी भरतीच्या मागेच बसले होते, त्यामुळे ताटाच्या कडेवर कोरलेली अक्षरं मला त्याच्या आधी दिसली. सौ. सुशीला.

मला वाटलं, हे ताट त्या पहिलीचं असेल, चुकून आलं. तेवढ्यात त्याने तांदळात लिहिलं. न थांबता, न खोडता, पूर्वी एकदा लिहिलेलं पुन्हा लिहावं तसं. सुशीला.

साखर वाटली गेली. मी सासूबाईंना जरा बाजूला गाठून विचारलं, "अहो, हे नाव तर..."

त्यांना माझं विचारणं विचित्र वाटलं. रागावल्या नाहीत, दुष्टपणाही केला नाही. डाळ निवडावी तशा सहज म्हणाल्या, "तिच्या माहेरची भांडी सगळी त्याच नावाची आहेत. पुन्हा कासाराकडे कोण नेणार? आणि थोरली सुमती, धाकटी सुनंदा. मधली सुशीला गेली तशी हाका मारताना सारखं अडखळायला व्हायचं बघा. आता कसं जुळलं. आणि तुमच्याकडचं ते नाव, मला मेलीला उच्चारायलाच लाज वाटते. भरती काय, ओहोटी काय!"

मी भरतीकडे पाहिलं. ती मान खाली घालून ताटातल्या तांदळाकडे बघत होती. मला वाटलं, आता कमरेवर हात ठेवील. आता म्हणेल, मी ओ देणार नाही. थोरली जाऊ हसत हसत म्हणाली, "सुशीला, ऊठ, देवाला नमस्कार कर." ती क्षणभर तशीच बसली, आणि मग उठली.

परत आल्यावर आत्याला हे सांगण्याचं काम माझ्याकडेच आलं. ती सुपारी सोलत होती. मी सांगत गेले, तिचे हात चालूच होते. सगळं ऐकून झाल्यावर तिने एवढंच विचारलं, "लिहिताना त्याचा हात थांबला का गो जरा?"

"नाही," मी म्हणाले.

त्या दिवसानंतर आत्याने माझ्यापाशी भरतीचा विषय काढला तो फक्त "माणगावची कशी आहे?" एवढाच.

माणगावची बरी होती. नवरा मारत नव्हता, सासू उपाशी ठेवत नव्हती. असं म्हटलं की आपल्याकडे पुढे विचारायचं काही उरत नाही. दोन वर्षांनी आई गेली तेव्हा भरती आली होती. रात्रीची जेवणं नव्हतीच, आम्ही दोघी मागच्या दारात बसलो होतो. ती म्हणाली, "ताई, भाद्रपदात अविधवा नवमीला त्या पहिलीचं श्राद्ध असतं. सगळा स्वयंपाक मीच करते. पहिल्या वर्षी मी वडे तळत होते. बाहेर भटजींनी पिंडाला नाव उच्चारलं, सुशीला. आणि मी आतून ओ दिली."

"मग?"

"सगळे हसले. भटजीसुद्धा. मीसुद्धा हसले. आता ओ देत नाही. आता ते नाव पिंडाला घेतलंय की मला, ते मला आवाजावरून कळतं. आणि सवाष्ण म्हणून त्या दिवशी मलाच जेवायला वाढतात. बाहेरची बाई बोलवायला नको म्हणून."

हे सांगताना ती रडली असती तर मला सोसलं असतं. ती रडली नाही. उठून आत गेली आणि दुसऱ्या दिवशीचे तांदूळ निवडायला घेतले.

यंदा तिला दिवस गेले. माहेरी आई नाही, आत्या विधवा, तेव्हा बाळंतपण सासरीच झालं. मुलगी झाल्याचं कळलं त्या दिवसापासून आत्याला चैन नव्हतं. सोलता सोलता मधेच थांबायची, ओठ हलायचे. मी माणगावला निघाले त्या सकाळी ती गाडीपर्यंत आली आणि माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "ओंजळ. भरतीला विचार. म्हणावं, आत्याला सुचलंय. बारशाला मी नसले म्हणून काय झालं, तू आहेस ना?"

मी वाटभर ते नाव मनात घोळवत गेले. काय नाव होतं! म्हातारपणी, दिवस दिवस सुपारी सोलून काळ्या झालेल्या हातांची बाई, तिला हे सुचावं.

भरती बाजेवर होती. बाळ कुशीत. मी तिला हळूच सांगितलं. तिच्या चेहऱ्यावर एकदम ती जुनी पोर आली. पाटीवरचा काना पुसणारी. "ओंजळ," ती स्वतःशी म्हणाली. बाळाच्या मुठी उलगडून तिने दोन्ही तळवे एकत्र धरले, "ओंजळ," पुन्हा म्हणाली. मग तिने तळवे सोडले.

"नको ताई."

"का गो? मी बोलते सासूबाईंशी. मुलीचंच तर नाव आहे, देतील ठेवायला."

"देतील. म्हणूनच नको." ती छताकडे बघत होती. "एवढं सुंदर ठेवलं की ती त्याच्यासाठी भांडेल. दहा-बारा वर्षं जिवाच्या कराराने भांडेल, आणि मग एके दिवशी कुणीतरी तांदळात बोट फिरवील. माझं गेलं ते मला अजून दुखतं, ताई. तिला असं नाव द्या की जे गेलेलं तिला कळणारही नाही."

"मग काय ठेवायचं?"

"ठरलंय. सुलभा. सगळ्यांशी जुळतं."

दुपारी बारसं झालं. नणंदेने कुर्रर्र केलं, सुलभा म्हटलं, तिच्या पाठीत धपाटे बसले. कुणी अडखळलं नाही. कुणी काही विचारलं नाही. नाव कानावरून पाण्यासारखं गेलं आणि बायका घुगऱ्यांकडे वळल्या. कुणी एक म्हणाली, छान आहे, आणि लगेच लसणीच्या चटणीची गोष्ट निघाली. भरतीने पाळण्याची दोरी धरली होती. तिला मी निघताना म्हटलं, "भरती, येते गो." तिने वर पाहिलं, पण ते मी तिच्या समोरच उभी होते म्हणून पाहिलं की नावाने पाहिलं, मला सांगता येणार नाही.

आणि काल गाडी खळ्याशी थांबली तर आत्या पाट सोडून उभीच. मी खाली पाय टेकायच्या आत तिने विचारलं, "काय ठेवलं?"

तिच्या तोंडाकडे बघून मी म्हणाले, "ओंजळ."

तिने डोळे मिटले. मग उघडले, आणि बारीक नजरेने माझ्याकडे बघितलं. आयुष्यभर दारामागून ऐकलेल्या माणसाची ती नजर. "लोक काय म्हणाले?"

हे मला आधी सुचलं नव्हतं. मी म्हणाले, "लोक काय म्हणणार. हसले. सासूबाई म्हणाल्या, ओंजळ काय, पसा काय, उद्या कुणी मुलीला शेर-पायली म्हणेल. एकजण म्हणाली, ओंजळीत काय राहतंय, सगळं गळून जायचं."

"हसले ना?" आत्या म्हणाली. तिचा चेहरा सैल झाला. "मग ठेवलंन खरं."

आज सकाळपासून खळ्यात येईल त्याला ती सांगते आहे. सुपारी उतरवणाऱ्या गड्याला सांगितलं, शेजारच्या काकूंना कुंपणावरून सांगितलं. काकू आता फार थकल्या आहेत, तरी म्हणाल्याच, "अगं बाई, हे आणि कसलं नाव?" थोड्या वेळापूर्वी यात्रेकरूंचं एक कुटुंब वाट विचारायला आलं, त्यांनाही तिने सांगितलं. त्यातली सून तोंडाला पदर लावून हसली, आणि आत्याने तिच्याकडे असं कौतुकाने पाहिलं की मला वर बघवेना.

मी खाली मान घालून सुपारी सोलते आहे. आत्या माणगावला कधी जाणार नाही. तिला कुणी बोलावणार नाही.